बंद इंजनाची शिट्टी

मी आयुष्यभर कानाच्या जोरावर पोट भरलं. हातपायही वापरले, नाही असं नाही, पण मालकाने मला ठेवलं होतं ते कानासाठी. शेगावच्या स्टेशनापलीकडे कापसाची एक जीन होती आणि तिथे मी मिस्त्री होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपुरात बसायचं म्हणतात. आम्ही काही ते पाहिलं नाही. दिवाळी झाली की चार-पाच महिने आमच्यावर कापसाचं राज्य असायचं.

ज्यांनी जीन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बाजूला वाफेचं इंजन. त्या इंजनावर फिरणारा एक लांबच लांब शाफ्ट, जमिनीखालच्या बोगद्यातून गेलेला. शाफ्टवरून पट्टे वर जायचे आणि दोन ओळींत मांडलेली यंत्रं फिरवायचे. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई फळीवर उभी राहून कापूस घालायची. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. शाफ्ट ठिकठिकाणी बेअरिंगवर टेकलेला असे. बेअरिंग बिघडलं की आधी कुरकुरतं, मग तापतं, मग धूर सोडतं. जिथे श्वासागणिक रुई नाकात जाते तिथे धूर निघाला तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

माझं काम ती पहिली कुरकुर पकडायचं. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि दुसरं कानाशी दाबून धरायचं. आतलं सगळं सळईतून कानात येतं. डाव्या हातात तेलाचा डबा असायचा, म्हणून सळई उजव्या हातात आणि म्हणून कानही उजवा. वीस वर्षं हाच शिरस्ता. शेठ पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमच्या मिस्त्रीच्या कानात मशीन बोलते." मी खाली बघून लाजल्यासारखं करायचो आणि आतून फुगायचो.

फुगायला कारण होतं. मी मूळचा जानेफळचा. घरची शेती सोडून लोखंडाच्या मागे लागलो तेव्हा थोरला भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "जाय बे. येशीनच वापस. तुह्यासाठी वखर खुंटीले टांगून ठेवतो." मला वखराचा राग नव्हता, त्या खुंटीचा होता. जानेफळला परत जायचं ते फक्त लग्नकार्याला आणि नव्या धोतरात, असं मी ठरवून टाकलं होतं.

कान गेला कधी ते मला कळलंच नाही. कळणार कसं? जीन चालू असली की तिथे ब्रह्मदेवालाही ऐकू आलं नसतं. आम्ही सगळे हातांनीच बोलायचो. तळहात कापल्यासारखा फिरवला की पट्टा तुटला, दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली की इंजन थांबवा, अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. अशा ठिकाणी माणूस ठार बहिरा झाला तरी पेन्शनीपर्यंत निभावून जाईल.

पितळ उघडं पडायला लागलं ते घरी. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. तिची हाक एकच, "आयकलं काय?" ती उजवीकडून "आयकलं काय?" म्हणायची आणि मी भाकरी चावत बसायचो. दुसऱ्यांदा म्हणायची, मी ताक प्यायचो. तिसऱ्यांदा झाकणी आपटायची, तेव्हा मी दचकून भलत्याच बाजूला बघायचो. एका कानाने आवाज कळतो पण तो आला कुठून ते कळत नाही. रस्त्यात कोणी राम राम केला तर मी उलट दिशेला वळून म्हशीलाही राम राम केलेला आहे. बायकोने निदान केलं की शेठच्या कौतुकाने मला माज चढला आहे. तेही अगदी खोटं नव्हतं.

मग त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसुरी, दम न घेणारी. बोगद्यात तिसऱ्या बेअरिंगवर सळई टेकवली आणि ती स्पष्ट ऐकली. मी वर आलो आणि मनगटं एकावर एक ठेवली.

इंजन थांबलं. फाटकापासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. गाडीवाल्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली, पण ते माझ्या उजव्या अंगाला असल्यामुळे मला त्रास झाला नाही. तिसरं बेअरिंग खोललं तर आत आरशासारखं स्वच्छ. चौथ्याला सळई लावली, शिट्टी. खोललं, स्वच्छ. पाचव्यालाही शिट्टी. मला वाटलं, अख्खा शाफ्टच वाकला आहे. जेवायची वेळ झाली तोवर मी सहा बेअरिंगं खोलून मांडली होती. शेठ बोगद्याच्या तोंडाशी येऊन हातानेच "काय?" विचारत, मी हातानेच "थांबा" म्हणत होतो. इंजन बंद होतं, तोंडाने बोलता आलं असतं, पण सवय.

शेवटी फळीवरची सगळ्यात जुनी बाई खाली उतरली. तिला सगळी जीन मावशी म्हणायची. तंबाखू गालात सरकवत तिने माझ्याकडे बघितलं.

"मिस्तरी, काय आयकून राह्यले?"

"शिट्टी," मी म्हणालो. "शाफ्टात शिट्टी वाजून राह्यली."

"पन इंजन त बंद हाये."

यावर मी जे बोललो ते आज लिहितानाही मला लाज वाटते. मी म्हणालो, "बंद असून बी वाजते, म्हनूनच म्हनतो न, बिघाड लय मोठा हाये!"

मावशीने माझ्या हातून सळई घेतली, बेअरिंगवर ठेवली, कानाला लावली. "मले त काईच नाई येत बा." मग तिच्यामागची आली, मग तिच्यामागची. देवळात तीर्थ घ्यायला लावतात तशी बायांची रांगच लागली. एक सोडून सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. ती एक म्हणाली, "मले येते थोडी थोडी." मला केवढं बळ आलं! नंतर कळलं की मला वाईट वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली होती.

मी हट्टाला पेटलो. सळई बोगद्याच्या भिंतीवर टेकवली. भिंतीत शिट्टी. पाण्याच्या माठावर टेकवली. माठात शिट्टी. मग, का कोण जाणे, स्वतःच्या गुडघ्यावर टेकवली. गुडघा शिट्टी वाजवत होता. तेव्हा कुठे सळई माझ्या हातून खाली पडली, आणि बाया जे हसायला लागल्या ते गाडीवाल्यांपर्यंत पोचलं.

शेठ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "घरी जा मिस्त्री, उद्या या," एवढंच म्हणाले. माझ्यामागे इंजन सुरू झालं. मला न विचारता ते सुरू झालं असं वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं, आणि घरी जाताना मला खुंटीवरचा वखर डोळ्यांपुढे दिसायला लागला.

शिट्टी माझ्याबरोबर घरी आली, जेवायला बसली आणि नंतर राहिलीच. आज हे लिहितो आहे तरी ती उजव्या अंगाला वाजते आहे. तेव्हा मात्र ती काढायची म्हणून घरात मोहीम निघाली. लसणाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला. बायकोचं माहेर धाडचं. तिथल्या बाजारात एक बाई नळी लावून कानातला किडा काढते म्हणून मला तिकडे नेलं. तिने नळीत तोंडाने ओढून माझ्या उजव्या कानातून तीन किडे काढले आणि तळहातावर दाखवले. मग डाव्या कानातून दोन काढले, जो धडधाकट होता. सोबत आलेल्या मेव्हण्याच्या कानातूनही चार निघाले, त्याची तर काही तक्रारच नव्हती. मेव्हणा दोन दिवस जेवला नाही. माझी शिट्टी तशीच.

त्यातच माझे पाय बिघडले. उजेडात मी बरा चालायचो, पण दिवेलागणीच्या वेळी जमीन दिसेनाशी झाली की पावलं इकडची तिकडे पडायची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि चाल कलालाच्या दारूच्या दुकानातून निघालेल्याची! लोक काय म्हणणार? शेठने मुनीमजींना पाळतीवर ठेवलं. मुनीमजी म्हणजे हडकुळा, पापभीरू माणूस. सरळ विचारायची त्यांची छाती नव्हती. ते रोज सुट्टीच्या वेळी माझ्यापुढे येऊन "राम राम मिस्त्री" म्हणत आणि नाक पार माझ्या मिशांपर्यंत आणत. आठवडाभर वास घेऊन त्यांनी शेठला सांगितलं की लसणाशिवाय काही सापडत नाही. तेव्हा शेठ त्यांनाच म्हणाले, मग याला नागपूरला न्या.

नागपूरचा डॉक्टर तरुण होता. त्याने दोन पायांचा एक पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटून वाजवला आणि माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. पोलाद काय सुरेख होतं! मी त्याला विचारलं, कुठून आणवलं? तो म्हणाला, आधी सांगा, आवाज कुठे येतो? मी म्हणालो, डाव्या बाजूला. चिमटा मधोमध, आवाज मात्र डावीकडे. उजव्या कानापाशी धरला तेव्हा काहीच नाही. मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले आणि सरळ मुनीमजींच्या अंगावर गेलो. मग त्याने कापसाचा बारीक धागा घेऊन डोळ्याच्या बुबुळाला हळूच लावला. डावा डोळा लवला, उजवा जागचा हलला नाही. डॉक्टर गंभीर झाला. मी त्याला धीर दिला, "साहेब, वीस वरीस झाले, डोळ्यात कापूसच जाऊन राह्यला. सवय पडली त्याले."

त्याने डोक्याचा फोटोही काढवला. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बसवून त्याने सांगितलं की कानातून मेंदूकडे जी नस जाते तिच्यावर गाठ असावी. वाईट जातीची नसते, पण जागा वाईट. ती कापून काढायचं काम आपल्याकडे कोणी करत नाही. विलायतेत करतात, तिथेही माणूस टेबलावरून उठेल याचा भरवसा नाही. मात्र गाठ सावकाश वाढते. कदाचित मी म्हातारा होईन आणि ती तिथेच बसून राहील. कान गेला तो गेला.

"अन् शिट्टी?"

"ती राहील."

"पन साहेब, कान मेला त वाजते कसा?"

डॉक्टर म्हणाला, "ते मलाही नीट सांगता येणार नाही." तेवढ्यावरून तो मला आवडला. मी वीस वर्षांत एकदाही असं कबूल केलेलं नव्हतं.

मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण ती अकोल्यापर्यंतच टिकली. अकोला गेलं आणि दुसरी भीती चढली. एका कानाचा मिस्त्री कोण ठेवील? शेगाव यायच्या आत मी मुनीमजींचे पाय धरले. म्हटलं, शेठला सांगा की कानात मळ होता, डॉक्टरने काढला. मुनीमजींनी गंगेची शपथ घेतली, आपल्या लेकरांची घेतली आणि मी मागितली नसताना डब्याबाहेर दिसलेल्या एका पिंपळाचीही घेतली. स्टेशनवर उतरताना मी सांगितलं की जिवात जीव आला. त्यांनी दुसरीकडे तोंड केलं.

आता कोणी म्हणेल, उजवा गेला तर डावा कान लावायचा, त्यात काय? तसं ते सोपं नव्हतं. उजवा कान वीस वर्षं शिकलेला, डावा पार अडाणी. बेअरिंगची कुरकुर कोणती, पट्ट्याची सळसळ कोणती, दगडावर पाणी ठिबकतं ते कोणतं, डाव्याला काही पत्ता नव्हता. शिवाय सळई डाव्या हातात घेतली की तेलाचा डबा उजव्यात, आणि उजव्या हाताला डबा माहीत नाही. पहिले आठ दिवस बेअरिंगपेक्षा माझ्या धोतरालाच जास्त तेल मिळालं. घरी मी बायकोच्या जात्याला सळई लावून बसायचो. ती म्हणायची, "जातं खोलान त याद राखा."

आणि एक चमत्कार झाला. मला माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं! शेठ बोलले, ऐकू आलं. मुनीमजी बोलले, ऐकू आलं. दुपारच्या सुट्टीत बाया बोलायच्या तेही नीट कळायचं. घरी बायकोने चुलीचा धूर लागतो म्हणून माझा पाट उचलून समोरच्या भिंतीशी नेला, आणि तेव्हापासून "आयकलं काय?" पहिल्याच हाकेला पोचायला लागलं. कान परत येतोय, दुसरं काय! मुनीमजींना बाजूला घेऊन सांगितलं की नागपूरच्या त्या पोराला काही कळत नाही. मुनीमजी डाव्या बाजूला उभे राहून म्हणाले, "खरं हाये मिस्त्री, अगदी खरं."

माणसांचं ऐकू येत होतं, पण लोखंडावर माझा भरवसा उरला नव्हता. कुठे थोडं काही वाजलं की वाटायचं, हे बाहेरचं की आतलं? मी सळई काढायचो, लावायचो, पुन्हा काढायचो. तोवर काही बिघडलं नाही म्हणून निभावलं. बाया मात्र सोडत नव्हत्या. मी जवळून गेलो की एखादी हळूच सरकीच्या टोपलीला कान लावायची आणि दुसरीला मान डोलावून दाखवायची.

हंगाम उतरणीला लागला तेव्हाची गोष्ट. दुपार होती. बोगद्याच्या अगदी टोकाच्या बेअरिंगवर मी डाव्या कानाने सळई टेकवली. उजवीकडे नेहमीची शिट्टी चालू होती. तिच्याखाली मला कुरकुर ऐकू आली, जाड, अडखळत येणारी. सळई काढली, गेली. लावली, आली. हात टेकवून बघावा तर त्या टोकाला शाफ्ट आणि पट्टा यांच्यामध्ये हात घालणं म्हणजे हात सोडून येणं.

मी वर आलो. मनगटं एकावर एक ठेवायची, एवढंच काम होतं, आणि ते माझ्याने होईना. पुन्हा इंजन थांबवलं आणि आत आरसा निघाला, तर शेठने कितीही भलेपणा दाखवला तरी मला दुसऱ्या दिवशी जानेफळची वाट धरावी लागली असती. नाही थांबवलं आणि कुरकुर खरी असली, तर वर या सगळ्या बाया आणि त्यांच्या गुडघ्यापर्यंत कापूस. माझे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच राहिले. मी भ्यालो होतो, साफ भ्यालो होतो.

टोकाचं यंत्र मावशीचं. तिने माझे अधांतरी हात पाहिले आणि मानेने विचारलं, काय? मी कानाला बोट लावलं, मग खाली बोगद्याकडे दाखवलं, मग दोन्ही तळवे वर केले. म्हणजे, काही वाजतंय असं वाटतं, पण देव जाणे.

मावशीने हातातला कापूस परत ढिगावर टाकला. नाकातोंडावर बांधलेलं फडकं सोडलं आणि ती फळीवरून खाली उतरली. तिच्या शेजारची उतरली. मग तिच्या पलीकडची. मग समोरची ओळ. सळई कोणी मागितली नाही. कोणी हसलं नाही. यंत्रं रिकामी फिरायला लागली, आणि रिकामं यंत्र फिरलं की त्याचा चामड्याचा रूळ जळतो, म्हणून इंजनवाल्याने आपण होऊनच वाफ बंद केली.

शेठ गादीवरून उठून धावत आले. त्यांच्यामागे मुनीमजी. मी पाना घेऊन खाली गेलो, ते दोघेही मागोमाग उतरले. नट सोडवले. झाकण निघालं तसा करपलेल्या तेलाचा भपकारा आला. तेलाचं भोक रुईने बुजलेलं, आतला पांढरा धातू वितळून एका बाजूला वाहिलेला, शाफ्ट निळा पडलेला. शेठने वाकून बोट लावलं, चटका बसला, त्यांनी बोट तोंडात घातलं.

वर बाया बोगद्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभ्या होत्या. मी तोंड वर करून मावशीला विचारलं, "तुमी काऊन उतरल्या? मलेच त भरवसा नोयता."

"तुमाले नोयता," मावशी म्हणाली, "आमाले होता."

शेठने तोंडातलं बोट काढलं आणि मागे वळून म्हणाले, "मुनीमजी, मिस्त्रीच्या डाव्या बाजूनं जाऊन सांगा, उद्या भोंग्याले इंजन चालू पायजे."

डाव्या बाजूनं. मी शेठकडे पाहिलं, मग मुनीमजींकडे, मग वर बायांकडे. बाया एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. मुनीमजींच्या शपथा, चुलीचा धूर, परत आलेला कान, दुपारच्या गप्पा, सगळं एका क्षणात माझ्या ध्यानात आलं. नागपूरहून आलो त्या दिवसापासून अख्खी जीन मला वळसा घालून बोलत होती, आणि मला कळू नये म्हणूनही जपत होती.

मुनीमजी मान खाली घालून निघाले. बोगदा अरुंद. शाफ्टच्या वरून एक पाय, मग दुसरा पाय टाकत, धोतर सावरत ते माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि शेठचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणाले. शेठ बोलले तेव्हाच मी ते पुरतं ऐकलं होतं. पण मी त्यांना थांबवलं नाही, कारण मला रडू येत होतं.